काकांचे पूल आणि 4000 डीपीआय

घरातलं कोणी "जुन्या स्लाइड्स आहेत रे, जरा स्कॅन करून दे" असं म्हणालं ना, की चप्पल घालून सरळ घराबाहेर पडावं. त्या वाक्यातला 'जरा' फार घातक आहे.

आमचे काका सत्तरच्या दशकात पिट्सबर्गला होते. माणूस सिव्हिल इंजिनिअर आणि गाव पुलांचं, त्यामुळे त्यांच्या कोडॅक्रोमच्या (प्रोजेक्टरवर दाखवायच्या स्लाइड्सची कोडॅकची फिल्म) डब्यांत निम्मी काकू आहे आणि निम्मे पूल. रिवेटचे क्लोजअपसुद्धा आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत.

आधी सगळ्यात सोपा उपाय, एका लॅबमध्ये नेऊन दिल्या. पाटीवर 'हाय क्वालिटी' लिहिलेलं. पेनड्राइव्ह आला तर एकेक जेपेग धड दोन एमबीची नाही, आणि नायगाऱ्याचा फोटो लावल्या लावल्या काकू ओरडली, "अगं बाई, माझा पदर उजव्या खांद्यावर कसा?" स्लाइड उलट्या बाजूने स्कॅन केलेली! स्लाइडची एक बाजू चकचकीत असते आणि इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, बाजू जरा मंद, त्यावर आडवा उजेड पाडला की कोडॅक्रोममध्ये चक्क उठाव दिसतो, पण हे बघायला लॅबवाल्याला वेळ कुठला. काकांना मात्र पदर काय नि धबधबा काय, काहीच उलटं वाटलं नव्हतं. काकू त्यावर काही बोलली नाही, चहा मात्र फक्त मलाच दिला.

मग मित्राचा फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर ठेवून स्कॅन करायचा स्कॅनर, आणला. खोक्यावर 6400 डीपीआय, म्हणजे इंचाला 6400 ठिपके. असल्या बहुतेक फ्लॅटबेडमध्ये खरा तपशील मिळतो तो दोन-अडीच हजारांच्या आसपास, वरचं सगळं फाईल फुगवायला. वर कोडॅक्रोमला रंगांचं वेगळं प्रोफाइल लागतं, साध्या सेटिंगवर सगळं निळं येतं. काका मागे खुर्ची टाकून बसलेले. "अरे, बर्फ पांढरा असतो." काका, मी पण बघितलाय बर्फ, फ्रीजमध्ये का होईना.

शेवटी सेकंडहँड फिल्म स्कॅनर घेतला, खरा 4000 डीपीआयचा. स्लाइड ती केवढी, 24 बाय 36 मिलिमीटर, पण तिचे 21 मेगापिक्सेल होतात आणि 48 बिटची टिफ, म्हणजे न दाबलेली फाईल, केली की एकेक फाईल 120 एमबीच्या वर जाते. बायकोने विचारलं, "लॅपटॉपमध्ये आपल्या लग्नाचे फोटो होते ते कुठे गेले?" मी म्हटलं बॅकअपला आहेत. बहुतेक आहेत.

या स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची सोय असते, डिजिटल आइस म्हणतात तिला. आयडिया एकदम भारी आहे, फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो आणि धुळीतून जात नाही, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये जे काळं दिसेल ते धूळ समजायचं आणि तिथे आजूबाजूचा रंग भरून टाकायचा. आता गंमत अशी की कोडॅक्रोमचा सायन (निळसर-हिरवा) रंग इन्फ्रारेडलाही थोडा अडवतो, मग मशीनला फोटोतल्याच गोष्टी धूळ वाटायला लागतात. काकूच्या साडीच्या काठातली नक्षी मधेमधे गायब झाली, ते चाललं असतं. पण एका झुलत्या पुलाच्या केबलच पुसल्या गेल्या आणि काका खुर्चीतून उठले. "हा पूल उभा कशावर आहे?" मी सांगितलं की सॉफ्टवेअरने काढल्या. "लोड कोण घेतंय मग, सॉफ्टवेअर?"

आइस बंद. म्हणजे ब्लोअर आणि ब्रश घ्यायचा, आणि उरलेली धूळ स्क्रीनवर एकेक ठिपका करून हाताने काढायची. पुण्यात रस्ता कायम खणलेला असतो, त्यामुळे स्लाइड पुसून स्कॅनरमध्ये सरकवेपर्यंत तिच्यावर पुन्हा अख्खा कर्वे रोड येऊन बसतो. त्यात बुरशी. इमल्शन म्हणजे जिलेटिन, बुरशीला आयतं जेवण, आणि ती बरोब्बर काकूच्या कपाळावर वाढलेली. पाणी लावायची सोय नाही, अल्कोहोल लावायचं, तेही बेतानं. काका म्हणाले थोडं मलाही दे.

वर्षांवरून वेगळीच भांडणं. काका म्हणतात हा डेट्रॉइटचा पूल 76 चा, आणि पुठ्ठ्याच्या माउंटवर रोल धुतल्याचा महिना छापलाय ऑगस्ट 75. छापलेलं चुकीचं असू शकतं, हे काकांचं म्हणणं. मी वाद घालत नाही.

पण खरा अन्याय पुढेच आहे. कोडॅक्रोम अंधारात ठेवलं तर रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर तेच इतर स्लाइड फिल्मपेक्षा लवकर फिके पडतात. म्हणजे काकूच्या ज्या स्लाइड्स सगळ्यांनी "परत लावा, परत लावा" करत हौसेनं बघितल्या त्या उडालेल्या, आणि ज्या पुलांच्या वेळी पाहुणे "निघतो आता, शेवटची बस आहे" म्हणायचे ते पूल काल काढल्यासारखे ताजे! रिवेटवरचा गंज मोजता येतो. नायगाऱ्यावरचं काकूचं तोंड मात्र सॉफ्टवेअरमध्ये रंगांचे कर्व्ह ओढून ओढून परत आणावं लागतंय, आणि मी ओठ जरा लाल केले की काका म्हणतात, "ही लिपस्टिक लावत नव्हती," आणि काकू म्हणते, "लावत होते, तुम्ही पुलाकडे बघत होतात."

सध्या काकांच्या आग्रहावरून आधी पूल स्कॅन होताहेत, कारण क्वालिटी त्यातच आहे.