जेपी-१० मध्ये रॉकेलच्या दुप्पट ऊर्जा नसते

क्रूझ क्षेपणास्त्रांत वापरल्या जाणाऱ्या जेपी-१० या कृत्रिम इंधनाबद्दल एक दावा सगळीकडे फिरतोय: त्यात रॉकेलच्या दुप्पट ऊर्जा असते, क्षेपणास्त्राचा वेग त्यामुळेच येतो, ते बनवायला खनिज तेल लागत नाही, आणि केवळ गुप्ततेपोटी ते प्रवासी विमानांना दिलं जात नाही. यातलं एकही विधान खरं नाही.

आधी ऊर्जा बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जेपी-१० च्या एका किलोत सुमारे ४२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर जेट ए-१ मध्ये, म्हणजे विमानांच्या नेहमीच्या रॉकेलवर्गीय इंधनात, सुमारे ४३. वजनाच्या हिशेबात जेपी-१० किंचित मागेच पडतं! त्याची खरी कमाई आहे घनता. जेट ए-१ चा लिटर साधारण ८०० ग्रॅम भरतो, जेपी-१० चा ९४०. शंभर लिटरची टाकी घ्या: जेट ए-१ भरलं तर अंदाजे ३,४५० मेगाज्यूल, जेपी-१० भरलं तर ३,९५०. वाढ १४-१५ टक्क्यांची. क्षेपणास्त्राच्या अरुंद नळकांड्यात टाकी मोठी करायला जागाच नसते, म्हणून एवढ्यासाठीही खटाटोप परवडतो. मात्र तीच टाकी १४ किलोंनी जडही होते, तेव्हा पल्ला नेमका तेवढाच वाढेल असं धरू नये.

वेगाचं म्हणाल तर जेपी-१० वर चालणारं अमेरिकेचं टॉमहॉक क्रूझ क्षेपणास्त्र ताशी सुमारे ८८० किलोमीटरने जातं, म्हणजे प्रवासी विमानासारखंच. वेग इंजिनाचा रेटा आणि हवेचा अवरोध यांवर ठरतो.

‘कृत्रिम’ शब्दाचा अर्थ लोक भलताच लावतात. जेट ए-१ हे शेकडो हायड्रोकार्बनांचं, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांचं, मिश्रण. जेपी-१० म्हणजे जवळपास एकच निवडलेला रेणू, कार्बन १० आणि हायड्रोजन १६. त्याचा कच्चा माल डायसायक्लोपेंटाडाईन, आणि तो मिळतो खनिज तेलातून निघणाऱ्या नाफ्थ्यापासून इथिलीन (प्लास्टिकचा कच्चा माल) बनवताना जोडउत्पादन म्हणून. तेलाशी नातं तुटलेलं नाही.

या रेणूची दोन रूपं आहेत. अणू तेच, मांडणी वेगळी. ‘एंडो’ रूप ७७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला चक्क घट्ट गोळा. ‘एक्झो’ रूप मात्र उणे ७९ अंशांखालीही पातळ राहतं. इंधन म्हणून दुसरंच हवं. एंडोचा अंश जास्त राहिला तर गोठणबिंदू वर सरकतो आणि उंचावरच्या थंडीत स्फटिक धरून फिल्टर तुंबण्याचा धोका येतो. किंमत चढते ती या शुद्धतेपायी.

राहता राहिली गुप्तता. जेपी-१० चं रासायनिक नाव, घनता, गोठणबिंदू सगळं कधीचंच छापून आलेलं आहे. प्रवासी विमानात अडचण वजनाची असते. पंखांतल्या टाक्या बहुतेक उड्डाणांत पूर्ण भरतही नाहीत. तिथे किलोमागे कमी ऊर्जा देणारं आणि कितीतरी महाग इंधन कोण भरेल?