निकेल सिल्व्हर घेतलं म्हणजे पावसाळा जिंकला?

चवथ जवळ आली की मॉडेल रेल्वेवाल्यांच्या फोनांवर दरवर्षी एक निरोप फिरायला लागतो. गोव्यात हा छंद असलेली माणसं मोजकी, त्यामुळे मला तो तीन-चार ठिकाणांहून येतो, आणि प्रत्येक वेळी वर लिहिलेलं असतं : 'जपून ठेवा, उपयोगी आहे.' निरोपाचा गाभा असा : समुद्राकाठी राहणाऱ्यांनी निकेल सिल्व्हरचेच रूळ घ्यावेत, त्यांच्यावर चढणारा थर वीज वाहतो, म्हणून पुसापुशी लागत नाही. रूळ कोड १०० चा घ्यावा, तो मजबूत. पॉइंट, म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणारे सांधे, लहानातले घ्यावेत, जागा वाचते. लाइव्ह फ्रॉगच्या वाटेला जाऊ नये, शॉर्ट होतो. उन्हाने रूळ वाढतात, म्हणून दर जोडाला फट सोडावी. आणि खडीवर पैसे घालवू नयेत, मिरामारची वाळू फुकट आहे.

पहिला दावा चुकीचा आहे. बाकीचे अर्धवट आहेत, आणि अर्धवट सल्ल्यानेच माझे जास्त पैसे गेले.

माझं घर कुडचड्यात. लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, मागच्या खोलीत, ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर. कुळेंसारखं घाटाखालचं एक स्टेशन आहे. तिथून घाटावरच्या कॅसल रॉक स्टेशनापर्यंतचा चढ ३७ ला १, म्हणून कुळेंला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. ती जोडायची-सोडायची गंमत करायची तर पॉइंट भरपूर लागतात. (रेल्वेच्या मराठीत तो सांधा, आणि तो बदलणारा सांधेवाला. आम्ही छंदवाले मात्र पॉइंटच म्हणतो.)

तर निकेल सिल्व्हर. यात नावापुरतीही चांदी नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचं हे मिश्रण. पितळेपेक्षा ते हळू काळवंडतं हे खरं, आणि घ्यावं तेच, यात वाद नाही. पण त्यावरचा थर वीज वाहतो हे कुणी पाहिलं? निकेलचं काय नि तांब्याचं काय, ऑक्साइड हा धातूच्या मानाने वाईटच वाहक. गाडी रोज फिरत असली तर चाकंच तो थर घासून काढतात, म्हणून त्रास जाणवत नाही. जून ते सप्टेंबर चादरीखाली झाकून ठेवलेल्या लेआउटवर कोण घासणार? शिवाय रुळावरची काळी काजळी नुसत्या हवेची नसते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या उडत असतात, त्यात तेल नि धूळ मिसळते. ही काजळी कुठल्याही मिश्रधातूवर बसते. पुसावं लागतंच. फक्त पॉलिश पेपर मारू नका, त्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढची घाण पक्की बसते.

निरोपात नसलेली गोष्ट याहून महत्त्वाची आहे. निकेल सिल्व्हर मुळातच मंद वाहक. तांब्याला १०० धरलं तर साधं पितळ २५-३० वर येतं आणि निकेल सिल्व्हर ६ च्या आसपास. म्हणजे रूळ म्हणून उत्तम, वायर म्हणून सुमार. मी पहिल्या वर्षी अख्ख्या लेआउटला दोनच ठिकाणी वीज दिली होती. फेब्रुवारीत गाडी झोकात फिरली. जुलैत पलीकडच्या टोकाला गेली की दम लागल्यासारखी व्हायची. रूळ चकचकीत पुसलेले, इंजिनही धडधाकट. शेवटी जोडपट्ट्या काढल्या तर काहींच्या पोटात हिरवट बुरा. जोडपट्टी रुळांना सरळ धरायला असते, वीज वाहून न्यायला नव्हे, हे तेव्हा कळलं. आता ९१४ मिलिमीटरच्या प्रत्येक लांबीला खालून स्वतःची वायर डाखलेली आहे आणि प्लायखाली घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची जोडी फिरवली आहे. महागड्या रुळांपेक्षा या वायरीने जास्त काम केलं.

कोड १०० च्या मजबुतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. १०० म्हणजे २.५४ मिलिमीटर. आपल्या मीटरला ६० किलोच्या खऱ्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर, एचओ या मॉडेलच्या मापाच्या १:८७ प्रमाणात ती २ मिलिमीटरच्या किंचित आत भरते, म्हणजे कोड ७५ च्या जवळ. जुन्या खेळण्यातल्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असते, त्या असतील तर १०० घ्या. नाहीतर मजबुतीचा प्रश्न येतोच कुठे, रुळावर कुणी उभं राहणार आहे का? तसंही १६.५ मिलिमीटर रुंदीच्या लाइनीवर आपली ब्रॉडगेज बसवणं ही मुळातच तडजोड. १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं तर १९.३ यायला हवेत.

लहान पॉइंटने जागा वाचते, पण किती? पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेत लहान पॉइंट १८५ मिलिमीटरचा, मधला २१९ चा. फरक ३४ मिलिमीटर, काडेपेटीपेक्षा कमी. आणि त्या मालिकेत लहान, मधला, मोठा तिघांचाही कोन १२ अंशांचाच, त्यामुळे बाजूच्या लाइनीचं अंतर बदलत नाही. या सव्वा इंचासाठी आपण काय देतो ते पाहा : लहानाची त्रिज्या साधारण २४ इंच, मधल्याची ३६. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा १:८७ मध्ये साडेचोवीस सेंटिमीटर लांब. दोन लहान पॉइंट उलटसुलट जोडून लाइन बदलायची केली की डबे एकमेकांना कोपरखळ्या मारत जातात, आणि मागून इंजिनाने ढकलायला घेतलं की एखादा उतरतोच. खरेपणाच्या गोष्टी मी करत नाही. कोकण रेल्वेचं सर्वांत तीव्र वळण १२५० मीटर त्रिज्येचं, १:८७ ने ते १४ मीटर होतं, माझं घर तेवढं लांब नाही. पण मेन लाइनवर मधला, आणि खनिजाच्या आखूड वाघिणी उभ्या करायच्या सायडिंगला लहान, एवढा भेद केला तर दोन्ही साधतं.

आता फ्रॉग. दोन रूळ एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा तुकडा. तो प्लास्टिकचा असला तर त्यावर वीज नसते, लाइव्ह असला तर पॉइंट ज्या बाजूला लावलाय त्या बाजूची वीज त्यात यायला हवी. शॉर्ट होतो तो फ्रॉगच्या दोषाने नव्हे, त्याला चुकीच्या बाजूने वीज मिळाल्याने. व्ही मधून निघणाऱ्या आतल्या दोन रुळांना धातूच्या जागी प्लास्टिकच्या जोडपट्ट्या लावल्या आणि वीज पॉइंटच्या एकेरी टोकाकडून, जिथून दोन वाटा फुटतात तिथून, दिली की प्रश्न संपला. याला भिऊन प्लास्टिकचा फ्रॉग घेणं म्हणजे दुसरी अडचण विकत घेणं. सहाही आसांतून वीज घेणारं लांब इंजिन त्यावरून बेलाशक जातं, हे मान्य. तेवढीच इंजिनं असतील तर प्लास्टिकचा घ्या, माझी तक्रार नाही. पण चार चाकांचं शंटिंग इंजिन सावकाश चालवलं की नेमकं त्या मेलेल्या तुकड्यावर रुसून बसतं. आपल्याकडे पावसात एखाद-दुसरं चाक आधीच वीज घेत नसतं, म्हणून हा रुसवा वाढतो.

लाइव्ह फ्रॉगची खरी मेख वेगळीच. बऱ्याच पॉइंटांत फ्रॉगला वीज मिळते ती हलणारी पाती बाजूच्या रुळाला टेकल्यावर, त्या टेकण्यातून. नुसत्या स्पर्शावर भिस्त. खारी हवा, बारीक धूळ, एखादा खडीचा कण, आणि पॉइंट मेला. त्यामुळे पात्यांना बाजूच्या रुळांशी खालून कायमची वायर जोडावी आणि फ्रॉगची वीज पॉइंट हलवणाऱ्या मोटरवरच्या स्विचने बदलावी. टॉर्टॉइजसारख्या सावकाश सरकणाऱ्या मोटरमध्ये तो स्विच आतच असतो. धाडकन मारणारी कॉइलची मोटर स्वस्त पडते, पण तिला क्षणभरच वीज द्यायची असते. बटण दाबून धरलं तर कॉइल जळते. घरात भाचरं येत असतील तर हे आधी सांगून ठेवा.

उन्हाने रूळ वाढतात म्हणे. हिशोब मांडू. खोलीतलं तापमान वर्षभरात १२ अंशांनी बदललं तर ९१४ मिलिमीटरचा रूळ वाढतो पाव मिलिमीटरहून कमी. बदलतं ते लाकूड. घरचं दार आषाढात फुगतं आणि चवथीपर्यंत धड लागत नाही, ते उन्हाने का? फूटभर रुंदीची अखंड फळी ओल घेऊन आडवी दोन-तीन मिलिमीटर सहज वाढते. प्लाय त्यापेक्षा खूप कमी हलतो, पण हलतो. मरिन प्लायमधला डिंक पाण्याने सुटत नाही, लाकूड ओल घ्यायचं थांबत नाही. म्हणून दोन्ही बाजू आणि विशेषतः कडा रंगवून बंद कराव्या. आणि फट सोडायची ती रूळ कधी टाकताय ते बघून. ऑगस्टमध्ये, फळ्या फुगलेल्या असताना रूळ घट्ट टेकवून टाकले तर जानेवारी-फेब्रुवारीत लाकूड आकसतं आणि रूळ धनुष्यासारखे उठतात. कोरड्या दिवसांत टाकत असाल तर टेकवलेले चालतात, पावसात जोड थोडे उघडतील एवढंच, आणि प्रत्येक लांबीला वायर असली की त्याने काही बिघडत नाही.

राहिली मिरामारची वाळू. धुतली तरी मीठ चिवट, आणि मीठ ओल धरून ठेवतं. दाणे गोल, खडीसारखे दिसत नाहीत. वर, थोडी वाळू कागदावर पसरून खालून चुंबक फिरवून पाहा. काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहतात. हे कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकालाही तसेच चिकटतात. मी क्रशरवरची बारीक कच आणतो आणि चहाच्या गाळणीने चाळतो. खरी खडी ५० मिलिमीटरची, तिचा दाणा १:८७ ला अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर जातो, गाळणी साधारण तेवढंच सोडते. कचेतही काळे कण निघतात. पिशवीभर कचेवरून चुंबक फिरवायला एक रविवार जातो.