म्हणे वय झालं!

आजच्या शिबिरात एका 42 वर्षांच्या बाईला ऐकवलं गेलं, ‘वय झालं, चालायचंच.’ दुपारपासून डोकं फिरलंय.

ती कापूस वेचते. भरलेलं गाठोडं डोक्यावर घेताना लघवी निसटते. खोकला आला की पुन्हा तेच. म्हणून वेचाईच्या दिवसांत सकाळपासून पाणी बंद! म्हणाली, “पाणीच नाही पेलं तं लघवी येईन कुठून?”

होतं उलटंच. लघवी घट्ट, पिवळीधमक होते, आतून चुरचुरते, थोडी साचली तरी लगेच जायची कळ येते. शौचाला खडा होतो, आणि रोज कुंथून कुंथून खालचे स्नायू आणखी सैल पडतात.

पाळी गेल्यावर हा त्रास वाढतो, मान्य. पण या बाईची तीन बाळंतपणं, त्यातलं एक अडलेलं, चुलीच्या धुराचा जुना खोकला, रोजचं ओझं, यातलं काहीच कोणी विचारलं नाही. वाढलेलं वजन, मधुमेह, गर्भपिशवीचं ऑपरेशन, बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी, यांनीही होतं. निदान लघवी आणि साखर तरी तपासायची! शिबिरात गर्दी होती, तेही खरं.

असो. बायांनो, हे करा. वारा आणि लघवी एकदमच रोखायचीय असं समजून खालचे स्नायू आत, वर ओढा. 5 मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं 10 मोजेपर्यंत न्या. आधी झोपून, मग बसून, मग उभ्यानं. श्वास रोखला किंवा पोट, मांड्या आवळल्या की जोर वर न जाता खाली पडतो. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका, लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. किमान 3 महिने लागतात. बऱ्याच जणी पंधरा दिवसांत सोडतात आणि म्हणतात, गुण नाही.

गाठोडं उचलायच्या आधी आवळायचं आणि श्वास सोडत उचलायचं. त्या माउलीला एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

कळ येताच धावावं लागत असेल तर चहा कमी करा. जागीच थांबून भराभर पाच-सहा वेळा आवळा, कळ ओसरली की सावकाश जा. लघवीला जायच्या दोन वेळांमधलं अंतर 15-15 मिनिटांनी वाढवत 3 तासांवर आणा.

व्यायाम सगळ्यांना पुरत नाही. अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरत असेल, तर आतून आधार देणारी रिंग किंवा ऑपरेशन लागू शकतं. लघवीत रक्त, तापासोबत जळजळ, बाळंतपणानंतर सतत गळणं, यात एक दिवसही घरी काढू नका.

आणि वावरवाल्यांनो, वेचाईला बाया लावता ना, तर धुऱ्यावर चार बल्ल्या रोवून जुनी ताडपत्री बांधा. आडोसा नाही म्हणूनही त्या पाणी पीत नाहीत.