नागपूर जंगल तोडून वसवलं म्हणे!

सध्या आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या देवळीकडच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फणा काढलेल्या नागाचं चित्र असलेला 'नागपूरचा दडपलेला इतिहास' फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: नागपूर भोसल्यांनी जंगल तोडून वसवलं. बख्त बुलंद नावाच्या मोगल सरदाराने ते बळकावलं होतं, भोसल्यांनी सोडवलं. साप फार म्हणून नाव नागपूर. संत्रीही भोसल्यांचीच. भाच्याने हे जसंच्या तसं प्रकल्पवहीत उतरवलं, वर स्केचपेननं नाग काढला आणि गुरुजींनी त्यावर बरोबरची खूण केली. आता गप्प कसं बसावं?

बाप्पा, नुसतं जंगल होतं तर त्या सरदाराने बळकावलं काय, तेंदूपत्ता?

आणि मोगल सरदार कोण? बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा. देवगड म्हणजे आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. औरंगजेबाच्या दरबारात जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला आणि 'बख्त बुलंद' हा किताब तिथलाच, एवढं खरं आहे. पण पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध त्याने बंड केलं, वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना मोगलांचा मुलूख लुटला, हे फॉरवर्डवाला सोयीस्कर गिळतो. 1702 च्या सुमारास बारा वाड्या-वस्त्या जोडून नागपूर शहर उभं केलं ते यानेच. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, शहराला तट बांधला, जुम्मा तलाव केला. ज्याला आपण गांधीसागर म्हणतो, तोच. ग्रुपात आत्राम, उईके, मडावी ही गोंड मंडळी आहेत. त्यांच्या राजाला उपरा ठरवून खाली हात जोडल्याची चिन्हं टाकताना यांना काहीच कसं वाटत नाही?

'सोडवलं' हेही तसंच. 1739 मध्ये चांद सुलतान वारला, बख्त बुलंदचाच दुसरा मुलगा वली शाह याने गादी बळकावली, तेव्हा चांद सुलतानच्या राणीनेच वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजींनी राणीच्या मुलांना गादीवर बसवलं. मग भाऊ भाऊ भांडले आणि 1743 मध्ये रघूजींनी कारभार हातात घेतला, तोही गोंडराजाचं नाव कायम ठेवून. रघूजींचं कर्तृत्व थोडं आहे का? ओडिशापर्यंत राज्य नेलं त्यांनी. त्यांना खोट्या मोठेपणाची गरज नाही.

नावाचं म्हणाल तर पुरावा आमच्याच गावचा. देवळीला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट शके 862 चा, म्हणजे इ.स. 940 चा. त्यात दान दिलेलं गाव 'नागपूर-नंदिवर्धन' विषयातलं, म्हणजे त्या प्रांतातलं, असा उल्लेख आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. भोसले यायच्या आठशे वर्षं आधी नाव तांब्यावर कोरलेलं, आणि हे आम्हाला देवळीत बसून साप मोजायला लावतात! बाबासाहेबांनीही 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात या नावाचा संबंध सापांशी नाही, तर 'नाग' नावाच्या लोकांशी सांगितला होता. ज्या भाच्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमी दाखवली, त्याने 'सापांचा सुळसुळाट' लिहावं?

राहता राहिली संत्री. कलमं भोसल्यांनी औरंगाबादकडून आणली असं जुने लोक सांगतात. तेवढी घ्या.