युटाला जाताय? निदान दोन रात्री एका जागी राहा

उन्हाळा संपत आला की अमेरिकेत, आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "आईबाबा आलेत, युटाचे पाचही नॅशनल पार्क चार दिवसांत होतील का? कुणाकडे प्लॅन तयार आहे का?" लगेच कुणीतरी एक्सेल शीट टाकतं. सकाळी झायन, संध्याकाळी ब्राइस, दुसऱ्या दिवशी मोआब हे गाव गाठायचं, मग आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि परत. कॅपिटल रीफपुढे लिहिलेलं असतं, "वाटेत आहे, एक तास पुरे."

ही शीट मीसुद्धा एकदा बनवली होती. तीन वर्षांपूर्वी आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा फिनिक्सहून निघून आम्ही ग्रँड कॅन्यनसकट सगळं पाच दिवसांत "केलं". रोज नवं हॉटेल, रोज सकाळी सहाला बॅगा भरायच्या. पार्किंग शोधायचं, कठड्यापाशी जायचं, फोटो काढायचा, पुढे निघायचं. ग्रँड कॅन्यन 277 मैल लांब आणि जवळजवळ एक मैल खोल आहे. तळाशी कोलोरॅडो नदी आहे, तिथले खडक पावणेदोन अब्ज वर्षांचे आहेत. त्याला आम्ही दिला चाळीस मिनिटांचा वेळ. घरी आल्यावर बाबा काकाला फोनवर सांगत होते, "रस्ते फार चांगले आहेत हो तिकडचे." ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पाच दिवसांतून त्यांच्यापाशी उरले ते रस्तेच, कारण आम्ही त्यांना दाखवले तेवढेच. मला फार लागलं ते.

म्हणून गेल्या वर्षी ते पुन्हा आले तेव्हा मी हट्टच धरला. बाकी सगळं सोडलं आणि कॅपिटल रीफच्या फ्रूटा कॅम्पग्राउंडमध्ये तीन रात्री तंबूत राहायचं ठरवलं. घरात आधी विरोधच झाला. आईचे गुडघे, बाबांचं वय, थंडी, बाथरूम कुठे असेल. नवरा म्हणाला, "अगं, सत्तरीच्या माणसांना तंबूत झोपवणार?" मी फोल्डिंग कॉट आणल्या, जाड रजया घेतल्या, नळाच्या पाण्यापासून आणि संडासापासून जवळची साइट बघून बुकिंग केलं. तिथे एकूण 71 साइट्स आहेत आणि सीझनमध्ये त्या कित्येक महिने आधीच भरतात, तेव्हा हे काम आयत्या वेळचं नाही. अंघोळीची सोय नाही, हे मी आईला आधीच सांगून टाकलं होतं. "तीन दिवस अंग पुसून काढू, त्यात काय," म्हणाली.

या पार्कचं नाव ऐकून काही कळत नाही, म्हणून थोडं सांगते. जमिनीला पडलेली जवळजवळ शंभर मैल लांब एक वळी आहे, तिला वॉटरपॉकेट फोल्ड म्हणतात. खडकांचे थर एका बाजूने उचलले गेलेत आणि ऊन, पाऊस, नदीने ते कापून काढलेत. वरचे पांढरे घुमट बघून लोकांना राजधानीतली कॅपिटॉलची इमारत आठवली. ही लांबच लांब भिंत ओलांडता यायची नाही, म्हणून तिला समुद्रातल्या खडकांसारखं रीफ म्हटलं. आणि या सगळ्या तांबड्या कोरड्या दगडांच्या मधोमध, फ्रेमॉन्ट नदीच्या काठी, फळबागा आहेत! 1880च्या दशकात इथे मॉर्मन कुटुंबं येऊन राहिली. एका वेळी दहा घरांच्या वर वस्ती क्वचितच गेली असेल, पण त्यांनी सफरचंद, पीच, जर्दाळू, नासपती, चेरी लावली. आज ती झाडं नॅशनल पार्क सांभाळतं. कॅम्पग्राउंड या बागांना लागूनच आहे.

राजापूरकडे आमची हापूसची बाग आहे. बाबांनी आयुष्यभर कलमं सांभाळली. गाडीतून उतरल्यावर त्यांनी डोंगराकडे पाहिलंच नाही, थेट झाडांकडे गेले. खोडाला हात लावला, वाकून आळं पाहिलं, मग पाण्याचा माग काढत गेले आणि तिथूनच ओरडले, "अगो, पाट आहे इथे! पाटाचं पाणी!" खरंच होता. नदीचं पाणी पाटाने आणून अजूनही बाग भिजवतात. पहिल्या वस्तीपासूनची पद्धत ती.

सप्टेंबरअखेर, सफरचंदांचे दिवस. बाग तोडणीला खुली असली की आत जाऊन झाडाखाली हवी तितकी फळं खा, पैसे नाहीत. बाहेर न्यायची तर वजन करायचं आणि पेटीत पैसे टाकायचे. वजनकाट्यापाशी शिड्या आणि फळं उतरवायच्या लांब काठ्या ठेवल्या होत्या. बाबांनी त्यातली एक उचलली, टोक न्याहाळलं आणि हसायलाच लागले. "हा तर झेला." म्हणजे आंबे उतरवायची काठी. आमचा जाळीचा आणि यांचा लोखंडी दात्यांचा, एवढाच फरक. पुढचा तासभर त्यांनी आम्हालाच नाही, शेजारच्या साइटवरच्या एका अमेरिकन जोडप्यालाही देठ न दुखावता फळ कसं उतरवायचं ते शिकवलं. मराठीत. त्यांना सगळं समजत होतं.

एका जागी राहिलं की हे असं होतं. शीटमध्ये "एक तास" लिहिलं असतं तर व्हिजिटर सेंटरचं संडास आणि एक फोटो यात तो संपला असता.

दुसऱ्या दिवशी ग्रँड वॉशमध्ये चाललो. वॉश म्हणजे एरवी कोरडा असणारा ओढा, आमच्याकडचा उन्हाळ्यातला पऱ्या. पायवाट जवळजवळ सपाट, वाळू आणि गोटे, चढ नाही. आईचे गुडघे अजिबात कुरकुरले नाहीत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेकडो फूट उंच, त्या जवळ जवळ येत जातात आणि बोलण्याचा आवाज बदलतो. निघण्याआधी मी रेंजरला आभाळाबद्दल विचारलं होतं, कारण अशा जागी डोक्यावर ऊन असतानाही मैलोन् मैल लांब पडलेल्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. 1997च्या ऑगस्टमध्ये अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात 11 जण गेले. 2015च्या सप्टेंबरमध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये 7 जण. आईला हे समजवावं लागलं नाही. "वर सड्यावर पाऊस झाला की खाली पऱ्याला पाणी येतंच की," म्हणाली. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं पठार. कोकणातल्या माणसाला जे रक्तात माहीत असतं ते आपल्या इथल्या तरुण पोरांना का पटत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पावसाचा इशारा असताना अरुंद दरीत शिरू नका. उन्हाळ्यात चालायला निघाल तर माणशी दिवसाला चार लिटर पाणी बरोबर ठेवा. ग्रँड कॅन्यनमध्ये तर उतरायला सोपं आणि परतीला चढ, म्हणजे आपल्या गडाच्या उलट. खाली जाताना पाय हलके असतात, तेव्हाच मागे वळायचं ठरवावं लागतं.

वाटेत दगडाचा एक तुकडा बाबांनी उचलून पाहिला आणि होता तिथेच ठेवला. "जांभ्यासारखा लाल, पण जांभा नव्हे." बरोबर होतं त्यांचं. लाली दोन्हीकडे लोहाच्या गंजाचीच. आपला जांभा मुसळधार पावसाने खडक कुजून झालेला, आणि इथले कितीतरी थर म्हणजे जुन्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, दाबल्या जाऊन दगड झालेल्या. दगडावर तिरप्या रेघा दिसतात ना, त्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या.

हायवे 24 च्या कडेला लाकडी फळ्यांच्या वाटेवरून फ्रेमॉन्ट नावाच्या इथल्या प्राचीन रहिवाशांनी खडकावर कोरलेली चित्रं दिसतात. हे लोक इथे साधारण इसवी सन 300 ते 1300 या काळात राहिले. खांद्याशी रुंद, कमरेशी निमुळती माणसं, डोक्यावर काहीतरी सजावट, शेजारी रानमेंढ्या. बाबा बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "आपल्या बारसूच्या सड्यावरच्या माणसाला कोणी असा कठडा केला असता तर." कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, पण लहानपणी आम्ही त्यांच्यावरून गुरं हाकत जायचो. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ग्रँड कॅन्यनमध्ये विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल नावाची शिखरं आहेत, तळच्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट आहे. त्यावरून "अमेरिकेत प्राचीन हिंदू मंदिरं" असे मेसेज दरवर्षी येतात. कृपा करून पुढे पाठवू नका. अशी नावं द्यायची सुरुवात 1880च्या सुमाराला क्लॅरन्स डटन या भूशास्त्रज्ञाने केली, त्याला ती शिखरं पूर्वेकडच्या देवळांसारखी भासली म्हणून. ही भूमी हवासुपाई, होपी, नवाहो, पायूट लोकांची. ग्रँड कॅन्यनमध्ये उतरणाऱ्या ब्राइट एंजल ट्रेल या पायवाटेवरच्या ज्या हिरव्या जागेतून हवासुपाईंना हुसकावलं होतं, तिला 2022 मध्ये हवासुपाई गार्डन्स हे नाव मिळालं. आपल्याला कौतुक करायचं तर याचं करू या.

आणि पायवाट सोडू नका, हात जोडून सांगते. मोआबच्या बाजूला वाळूवर काळपट खडबडीत पापुद्रा दिसतो, जळल्यासारखा. ती जिवंत माती आहे. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून ती वाळू धरून ठेवतात, पाणी मुरवतात. फोटोसाठी टाकलेलं एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षं लागतात. सडाही उन्हाळ्यात मेल्यासारखाच दिसतो, श्रावणात तो काय होतो ते आपण पाहिलंय. मग आपल्याला तरी हे कळायला हवं. तसंच रात्री दहानंतर कॅम्पग्राउंडवर स्पीकर लावू नका. मोठ्या ग्रुपने गेलो की आपला आवाज चढतो, शेजारी कुणी शांततेसाठी शेकडो मैल आलेलं असतं.

त्या शांततेतच शेवटच्या रात्री आई कॉट बाहेर ओढून झोपली. बाहेर गारठा चांगलाच होता, दोन रजया आणि कानटोपी. आकाशगंगा डोक्यावरून इतकी स्पष्ट गेलेली की ढग आहे असं तिला आधी वाटलं. बाबा ध्रुव शोधत होते, पण घरच्या सवयीने खाली, क्षितिजाजवळ. राजापुरात तो झाडांच्या शेंड्यालगत असतो. इथे बराच वर होता. आपण उत्तरेला किती आलोय हे त्यांनी मुठी मोजून नातीला दाखवलं, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, घरी दोनला थोडा कमी, इथे जवळजवळ चार. ती नऊ वर्षांची आहे. तिने त्यानंतर घरी येऊन अंगणातूनही मोजला.

झायन, आर्चेस वाईट आहेत असं अजिबात नाही. झायनमध्येही गर्दी टाळून कॅम्पग्राउंडपासूनच निघणारी पारस ट्रेल आहे, पक्की, व्हीलचेअर जाते, नदीकाठाने. आईबाबांना तिथे संध्याकाळी न्या. तिथल्या एंजल्स लँडिंग या उंच कड्यावर चढायला 2022पासून परमिट लागतं, ते मिळालं नाही म्हणून हळहळू नका. पण पाचही करायचा हट्ट सोडा. दोन निवडा, मुक्काम करा.

कुणाला येत्या सीझनला जायचं असेल तर आमच्याकडे सहा जणांचा तंबू, दोन फोल्डिंग कॉट आणि दोन बर्नरचा कॅम्प स्टोव्ह आहे. फिनिक्सच्या आसपास असाल तर इनबॉक्स करा, घेऊन जा. तंबूची एक खुंटी वाकलीय, ती हातोडीने सरळ करून घ्यावी लागेल.