पानिपत झालं, पानं घ्या

यंदा दिवाळीला पुण्याहून साडूभाऊ आमच्याकडे इंदूरला आले ते नवी कोरी गाडी आणि जुना लॅपटॉप घेऊन. लॅपटॉपवर १९९४ सालचा 'पॅन्झर जनरल' हा लढाईचा खेळ होता. नकाशावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं. आधी एकानं आपल्या सगळ्या तुकड्या हलवायच्या, मग दुसऱ्यानं. घाई नाही. बँकेत पस्तीस वर्षं वरच्या टेबलावरून फाईल येण्याची वाट बघितलेल्या माणसाला हे लगेच पटलं.

साडूभाऊंनी रणगाडे स्वतःकडे ठेवले आणि मला पायदळ दिलं. म्हणाले, "तुमच्या महूला इन्फंट्री स्कूल आहे ना? मग हे तुम्हालाच जमेल." महूशी माझा संबंध एवढाच, की पाताळपाणीचा धबधबा बघायला जाताना तिथे एकदा चहा प्यायलो होतो.

पहिल्या डावात मी शूरपणे पायदळ उघड्या माळावर काढलं. प्रत्येक तुकडीवर ताकदीचा आकडा असतो, दहा. रणगाडा धडकला की दहाचे सात, सातचे तीन. आमच्याकडे पाहुणे आले की लौंगी शेवेचा डबा असाच उतरतो.

"अहो, १९६५ साली अब्दुल हमीदांनी जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले होते," मी कुरकुरलो.

"त्या असल उत्तरच्या लढाईत आपली माणसं उसात दबा धरून होती. तुमचे शिपाई माळावर उन्हं खात बसलेत. अर्थात, मैदानातून वेळेवर निघायची होळकरी परंपरा आहेच म्हणा."

इंदुरात बसून मल्हाररावांवर हे बोलायचं! मी लॅपटॉप बाजूला सारला. "१७६१ साली मल्हारराव गनिमी काव्यानं लढा म्हणत होते. तोफांच्या भरवशावर कोण बसलं होतं? तुमचे भाऊसाहेब!"

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "पानिपत झालं असेल तर पानं घेते."

रात्री सगळ्यांना सराफ्यात जायचं होतं. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री तिच्याच ओट्यापुढे गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, कढई. गाडी राजवाड्याच्या अलीकडेच ठेवा, असं मी चारदा सांगितलं. पण नव्या गाडीला कॅमेरे होते, त्यामुळे साडूभाऊंना माझी गरज नव्हती. सराफ्याच्या तोंडाशी एका बोळात ती गाडी जी शिरली ती शिरली. पुढे जिलबीची गाडी, मागे सात-आठ स्कूटर, दोन्ही बाजूंना ओटे. आरसे मिटले, दारं उघडेनात. एका पोरानं बॉनेटवर थाप मारून विचारलं, "भिया, आता इथेच घर बांधणार का?" मी आधीच उतरलो होतो. भुट्ट्याचा कीस खात गाडीभोवती एक फेरी मारली. मला सगळं दिसत होतं, आत बसलेल्यांना फक्त कढईचा धूर. तिच्या कुठल्याही अंगाला मी हात लावू शकत होतो आणि ती माझं काहीही वाकडं करू शकत नव्हती.

द्रोण हातात तसाच राहिला. गल्लीत पोलाद काय कामाचं?

दुसऱ्या दिवशी खेळाचे नियम वाचले, तर तिथेही तेच. शहरात किंवा जंगलात पायदळाशी गाठ पडली की रणगाड्याचं जाड चिलखत हिशेबात धरतच नाहीत. जवळच्या झटापटीचा वेगळा, केविलवाणा आकडा धरतात. जर्मन शिपायांच्या हातातल्या रणगाडाफोड्या शस्त्राचा, पहिल्या पॅन्झरफाउस्टचा, पल्लाही जेमतेम तीस मीटर, म्हणजे आमच्या गॅलरीतून पोहेवाल्याला "शेव जास्त घाल" ओरडण्याइतका. तेवढ्या जवळ रणगाडा येईपर्यंत बसून राहायचं. बसलं की खंदक दर खेळीला खोल होत जातात, हललं की शून्य.

बसून राहणं! उभ्या आयुष्यात हा गुण म्हणून कुणी ओळखला नव्हता.

मी शहरातल्या प्रत्येक घरात पायदळ बसवलं, पाठीला तोफखाना ठेवला. तुकडीवर हल्ला झाला की शेजारचा तोफखाना आपणहून गोळे टाकतो, सुनेला कुणी बोललं की आमची आई मध्ये पडायची तसा. साडूभाऊंचा पहिला रणगाडा आला. दहाचे चार झाले. दुसरा आला, त्याचेही तेच. मी बायकोला हाक मारून आकडे दाखवले. तिनं पदराला हात पुसत पाहिलं आणि विचारलं, "गॅस सिलिंडरचा नंबर लावलात का?"

पुढच्या खेळीला साडूभाऊ आलेच नाहीत. त्यांचे रणगाडे शहराला वळसा घालून निघाले. पूल घेतला, विमानतळ घेतला, मागची दोन गावं घेतली. माझे शिपाई गळ्यापर्यंत खोल खंदकात बसून बघत राहिले. पायी गाठणार तरी कुणाला?

"साडूभाऊ, हे बरोबर नाही. शहरात या ना!"

"नको," पुढची खेळी करत ते म्हणाले, "तुमच्याकडे पार्किंग नाही."