प्रवास वाक्यातही घडावा लागतो

मराठी कादंबरीविषयीच्या चर्चा मी इंग्लंडमधून गेली अनेक वर्षे नियमाने वाचत आलो आहे आणि अलीकडे त्यांत एक आग्रह वारंवार आढळतो : वाक्ये आखूड ठेवा, आजच्या वाचकाला दम धरवत नाही. इथल्या लेखन-कार्यशाळांतही जवळपास हाच धडा गिरवून घेतात, तेव्हा हा आग्रह केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. तरीही मला तो पटत नाही, कारण त्यात वाक्याची लांबी ही वाचकाच्या सोयीची बाब धरलेली आहे. ज्या कथेचा कणाच प्रवास आहे, तिथे तरी सत्य किती आणि कोणत्या क्रमाने दिसावे हे वाक्यच ठरवते.

प्रवासाशी मराठी कादंबरीचे नाते जन्मापासूनचे आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये (१८५७) यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांची दैना पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. पुस्तकावर उपदेशाचा भार पुष्कळ आहे, पण पाहणारीवरच पाहिलेले कोसळावे ही रचना आजही हलवून टाकते.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) शैलीही प्रवासाच्या कामी आली. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि परागंदा ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. मुंबईला तो उतरणार आणि ती पुढे जाणार, हे ठरलेलेच असते. तिथली तुटक, आवरलेली वाक्ये मला अपरिहार्य वाटतात, कारण प्रेमात एकदा पोळलेला माणूस स्वतःच्याच भावनेला फार बोलू देत नाही आणि मोजक्या दिवसांच्या सोबतीत तेवढी उसंतही नसते. आखूड वाक्याच्या बाजूने याहून सबळ पुरावा मला ठाऊक नाही, पण तो त्या बोटीपुरता आहे.

त्याच्या अगदी उलट टोकाला डब्ल्यू. जी. सेबाल्ड आहेत. आयुष्याचा मोठा काळ इंग्लंडमध्ये राहून जर्मनमध्येच लिहिणाऱ्या या लेखकाचे 'द रिंग्ज ऑफ सॅटर्न' (मूळ जर्मन १९९५) सफकच्या किनाऱ्यावरच्या पायपिटीतून उलगडते. चालता चालता निवेदन हेरिंग माशांवर जाते, तिथून काँगोतल्या वसाहतीच्या अत्याचारांवर, तिथून रेशमाच्या किड्यांवर, आणि लांबच लांब वाक्ये वाचकाला यांपैकी काहीच वेगळे काढू देत नाहीत. प्रत्येक टप्प्यावर पूर्णविराम पडला असता, तर शांत किनारा एका बाजूला आणि काँगो दुसऱ्या बाजूला ठेवून आपण मोकळे झालो असतो. परमुलुखात राहून स्वतःच्या भाषेत लिहिणाऱ्याला हे दोन किनारे असेच एकमेकांत मिसळलेले दिसतात, हे मी अनुभवाने सांगतो.

एक साधा नमुना घेऊ. 'बोट सुटली तेव्हा धक्क्यावर उभ्या असलेल्या बाईने हात वर केला, पण तो निरोप कोणासाठी होता हे डेकवरच्या गर्दीत कोणालाच कळले नाही.' आता हेच तोडून : 'बोट सुटली. धक्क्यावर एक बाई उभी होती. तिने हात वर केला. तो निरोप कोणासाठी होता, हे कोणालाच कळले नाही.' माहिती जवळपास तीच आहे. पण पहिल्यात वाचक त्या हाताच्या ओढीने पुढे सरकतो आणि ती ओढ शेवटच्या शब्दांत काढून घेतली जाते. दुसऱ्यात तो प्रत्येक गोष्टीसमोर थबकतो आणि तटस्थ साक्षीदार बनतो. एकात ताटातूट सोसावी लागते, दुसऱ्यात तिची नोंद होते. कथेला काय हवे आहे हे न पाहता संपादकाने पहिले वाक्य सरसकट तोडले, तर कथेतला माणूसच बदलतो.

शिवाय इथला धडा जसाच्या तसा मराठीत नेण्यात एक अडचण आहे, आणि ती चर्चेत फारशी कोणी काढत नाही. इंग्रजीत क्रियापद कर्त्यापाठोपाठ येते, त्यामुळे काय घडले ते लवकर कळते आणि तपशील मागून जोडले जातात. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात. माणूस पोहोचला की नाही हे वाक्य संपेपर्यंत रोखून धरता येते. प्रवासाची कथा सांगणाऱ्याला भाषेने ही सोय आयती दिलेली आहे, आणि चार शब्दांच्या वाक्यात ती वापरायला जागाच उरत नाही.